खोडव्याचं पातं

"साबण आणू का?" मी विचारलं.

"नको. निघेल ती." उपासनींनी बोट तोंडात धरून ओलं केलं, अंगठी पिळत पिळत पेरावरून काढली आणि ताटात टाकली.

ते साधं जेवणाचं स्टीलचं ताट होतं. टेस्ट बेडच्या लोखंडी दाराबाहेर एका स्टुलावर ते कायम असायचं. चालू इंजिनाजवळ जाणाऱ्याने अंगावरचं सुटं असेल नसेल ते सगळं त्यात काढून ठेवायचं. इंजिन हवा ओढायला लागलं की पेन, किल्ली, बटण, समोर येईल ते गिळतं, आणि गिळलं की स्वतःही मरतं. त्या दिवशी ताटात उपासनींचं घड्याळ होतं, किल्ल्यांचा जुडगा होता, तंबाखूची डबी होती आणि ती घट्ट झालेली अंगठी.

"आज पाळी माझी आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी जातो. तुम्ही केबिनमध्ये पडद्यासमोर बसा, मॅडम."

मला राग आला. आणि त्याच क्षणी हायसंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं असं कुणी विचारलं, तर ज्याला ते कधी वाटलं नाही तो फार सुखी माणूस आहे एवढंच मी म्हणेन.

आमचा टेस्ट बेड सिन्नरच्या पुढे एका उघड्या माळावर होता. चहूकडे कुसळं आणि दगड. छोट्या जेट इंजिनांचे भाग आम्ही तयार करायचो आणि तिथे आणून चालवून बघायचो. कुठेही लिहून ठेवलेला नसलेला, पण सगळ्यांनी पाळलेला एक रिवाज होता: ज्याचं ड्रॉइंग, त्याचे पाय. म्हणजे नवा भाग ज्याने काढला, त्यानेच पहिल्या चाचणीला आत जायचं. इंजिन संथ गतीवर स्थिर झालं की दार उघडायचं, आत जाऊन तेल कुठे गळतंय का, नळी कुठे हलतेय का हे डोळ्यांनी बघायचं आणि बाहेर यायचं. मगच इंजिन पूर्ण जोरात चालवायचं. डिझाइनरने कागदावर हवं ते काढू नये, त्याला आपल्या कातडीची आठवण राहावी, म्हणून कुणा जुन्या साहेबांनी ही पद्धत पाडली होती. कल्पना उत्तम. फक्त ती कातडी आपली असली की वेगळं वाटतं.

आणि ते ड्रॉइंग माझं होतं.

आमचा रोटर, म्हणजे इंजिनात फिरणारं पात्यांचं चक्र, एकसंध होता. जुन्या पद्धतीत मधली चकती वेगळी आणि पाती वेगळी. प्रत्येक पातं खाचेत बसवलेलं. एखादं खराब झालं तर काढा, दुसरं घाला. नव्या पद्धतीत चकती आणि पाती धातूच्या एकाच गोळ्यातून कोरलेली. हलकं, मजबूत, देखणं काम. पण फणीसारखं. फणीचा एक दात तुटला की अख्खी फणी टाकावी लागते. माळावरचा चिमूटभर खडा आत गेला, एका पात्याची कड मोडली, की तो अख्खा सुंदर रोटर भंगारात.

मी असा रोटर काढला, ज्यात प्रत्येक पात्याच्या बुडाशी थोडा जाड खुंट ठेवला होता. पातं मोडलं तर खुंटाच्या वर कापायचं, नवं पातं त्यावर वेल्ड करायचं, भट्टीत शेक द्यायचा, घासून गुळगुळीत करायचं. जोड पडतो तो जाड भागात, जिथे ताण कमी असतो तिथे. त्या दिवशीच्या चाचणीसाठी असं एक पातं आम्ही मुद्दाम कापून नवं जोडलं होतं.

आमचे प्रमुख तांबोळी साहेब. कऱ्हाडकडचे, घरी नदीकाठचा ऊस. त्यांनी ड्रॉइंग उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "आवो सोमण बाई, हा तर खोडवा धरलाय तुमी! बुडखा ठिवून ऊस तोडायचा आन् त्यालाच परत फुटवा आणायचा. आमच्या आज्ज्याचं डिजाइन चोरलं की वो!"

तेव्हापासून माझ्या रोटरचं नाव खोडवा पडलं. कारखान्यात सगळे मला विचारायचे, काय मॅडम, खोडवा कधी तोडणीला येतोय? मी हसायची. तांबोळी साहेबांनी मात्र चेष्टा करत करत माझ्यासाठी वर भांडून परवानगी आणली. तो माणूस तसाच होता.

उपासनी हसत नसत. चाचण्यांचा सगळा अनुभव त्यांच्याकडे. पन्नाशीचे, नाशकातल्या जुन्या गल्लीतले, शब्द मोजून मापून बोलणारे. मी ज्या टेबलावर बसायची ते पूर्वी वामन खैरनारांचं होतं. खैरनार आणि उपासनी यांनी कित्येक वर्षं एकमेकांशेजारी बसून काम केलं, एका डब्यात जेवले. मी यायच्या आधी एका चाचणीत एक पातं उडालं. खैरनार आत होते. एवढंच मला सांगितलं होतं, आणि पुढे विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यानंतर टेस्ट बेडच्या जमिनीवर, भिंतीवर, थेट छतापर्यंत एक रुंद लाल पट्टा रंगवला. रोटर फिरतो त्या रेषेत. पातं सुटलं तर त्या पट्ट्यातच सुटणार. पट्ट्यावर पाय ठेवायचा नाही, ओलांडायचा तर झटकन.

मी आले आणि खैरनारांच्या खुर्चीत बसले, हे उपासनींना खुपतं असं मी धरून चालले होते. कुणाची पाळी असो, आत जायची वेळ आली की ते म्हणायचे, "मी जातो." आणि चालवायला मात्र कधी बसत नसत. कंट्रोल केबिनमध्ये इंधनाच्या दांड्यावर बसायचं म्हटलं की म्हणायचे, हात स्थिर नाही माझा. लोक मागे हसायचे. आगीत उडी मारायला तयार, पण दांडा ओढायला नाही, म्हणायचे. मला तो दिमाख वाटायचा. बायकांनी आत जाऊ नये असं त्यांना वाटतं, असंही मी नवऱ्याला सांगितलं होतं.

चाचणीच्या आदल्या रात्री मी झोपले नव्हते. भीती माझ्या स्वभावातच आहे. मी विहिरीत वाकून बघत नाही, गॅस लावताना तोंड फिरवते. पण ही भीती वेगळी होती. डोळे मिटले की मला तो जोड दिसायचा. बारीक, रुपेरी, आपल्याच हाताने काढलेला. एका पात्यावर फिरताना येणारा ताण एखाद्या भरल्या ट्रकच्या वजनाइतका असतो. तो माझ्या एका रेघेवर तोलला होता.

"सोमण बाई, या आत! दार लावतो," तांबोळी साहेबांनी केबिनमधून हाक मारली.

केबिन म्हणजे जाड काचेच्या खिडकीमागची अरुंद खोली. साहेब दांड्यावर बसले. मी पडद्यासमोर. पडद्यावर प्रत्येक पात्याची एक उभी रेघ. पातं जितकं थरथरेल तितकी रेघ उंच. नव्या पात्याची रेघ आम्ही पिवळी ठेवली होती आणि धोक्याची घंटा त्या एकट्यालाच जोडली होती. सगळ्यांनी बसून, विचार करून ठरवलेलं. भीती कुणाची? नव्याची. मग लक्ष कुणावर? नव्यावर.

"बिस्मिल्ला," साहेब म्हणाले आणि मला म्हणाले, "तुमी तुमच्या गणपतीला सांगा."

इंजिन जागं झालं. आधी घरघर, मग शीळ, मग पोटात जाणवणारा एक जाड आवाज. प्रत्येक रोटरला एक वाईट वेग असतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढतच जातो, तशी त्या वेगाला पाती डोलायला लागतात. आम्ही त्याला खड्डा म्हणायचो. आमचा खड्डा संथ गतीच्या थोडाच खाली होता. वर जाताना साहेबांनी दांडा जोरात पुढे केला, इंजिनाने खड्डा एका उडीत ओलांडला आणि ते वर जाऊन स्थिर झालं.

पिवळी रेघ जरा उठली आणि बसली. घंटा वाजली नाही.

"धरला!" साहेबांनी मांडीवर थाप मारली. "खोडवा धरला की वो बाई!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिरवा दिवा लागला, लोखंडी दार उघडलं आणि उपासनी कानांवर आवाज अडवणारे जाड डबे चढवून, हातात विजेरी घेऊन आत गेले. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. शांतपणे, एखाद्या देवळात जावं तसे ते चालत होते.

मी डोळे पुसले आणि पडद्याकडे बघितलं.

पिवळ्या रेघेच्या शेजारची रेघ खाली आलेली नव्हती.

साधी, पांढरी, कुणाचं लक्ष नसलेली रेघ. जुनं पातं. मूळचं, कधीही न कापलेलं, न जोडलेलं. ती अर्ध्या पडद्याइतकी उंच उभी होती आणि टोकाला थरथरत होती. मी आधीची नोंद मागे नेऊन बघितली. खड्डा ओलांडताना ती थेट वरच्या कडेला जाऊन आली होती. आम्ही सगळे पिवळीकडे बघत असताना.

आज मला त्याचं कारण पाठ आहे, पुढे मी ते कितीतरी जणांना शिकवलं. नवं पातं जोडामुळे किंचित ताठ झालं होतं. बाकीच्यांच्या तालात ते डोलत नव्हतं. त्याने न घेतलेला झोका शेजारच्याने घेतला, स्वतःचा आणि त्याचाही. पण त्या क्षणी मला कारण वगैरे काही कळत नव्हतं.

"साहेब."

"काय?"

"शेजारचं पातं. गेलंय ते. चीर गेली असणार."

साहेबांनी वाकून पडदा बघितला. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू उतरलं. "अल्ला," म्हणाले आणि त्यांचा हात लाल मुठीवर गेला. इंधन तोडायची मूठ. नियमच तसा होता, भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला: कंप वाढल्यास इंधन ताबडतोब बंद करा.

मी त्यांचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी, नखं रुतेपर्यंत.

"सोडा बाई! येडबिड लागलं का काय?"

"तोडू नका! तोडलं की ते खाली येईल. हळूहळू येईल, साहेब, आपोआप. खड्ड्यातून रांगत जाईल. वर जाताना एका उडीत गेलं तरी हे झालंय. खाली येताना उडेल!"

त्यांनी वेगाच्या सुईकडे बघितलं.

"मग वर ढकलू? खड्ड्यापासनं लांब?"

"माणूस आत आहे. वर नेलं तर ताण वाढेल. आहे तिथेच धरा. सुईसुद्धा हलू देऊ नका. आधी त्यांना बाहेर काढू."

साहेबांनी मुठीवरचा हात उचलला आणि दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला. त्यांच्या मिशीवर घाम आला होता. ‘बाहेर या’ असा इशारा देणारा दिवा मी लावला. आतल्या भिंतीवर तो पिवळा दिवा भकभकायला लागला.

उपासनींनी दिवा बघितला. मला खात्री आहे, कारण त्यांनी मान वळवली. ते इंजिनाच्या बाजूला उभे होते, एक हात इंजिन धरणाऱ्या चौकटीच्या लोखंडी पायावर. आणि त्यांचे दोन्ही पाय लाल पट्ट्यावर होते.

ते हलले नाहीत.

"चल की लेका," साहेब दात चावून म्हणाले. "उपासनी, चल की बाहीर!"

उपासनी काचेतून आमच्याकडे बघत होते. डोळे मोठे, तोंड थोडं उघडं. माझ्याकडे नाही, पडद्याकडे नाही. साहेबांच्या हाताकडे. मला एकदम वाटलं, यांना यायचंच नाहीये. आपल्या मित्राच्या जागेवर जाऊन हे उभे राहिलेत.

"मी जाऊ?" साहेब म्हणाले.

"तुम्ही दांडा सोडलात तर?"

त्यांनी दांडा आणखी घट्ट धरला.

मी केबिनमधून बाहेर आले. ओढणी काढून फेकली. ओळखपत्राची दोरी काढली. केसांतल्या पिना काढताना केस उपटले गेले. बांगड्या निघाल्या. गळ्यातलं काढायला गेले तर फासा सापडेना, मी हिसका दिला आणि ते तुटलं. काळे मणी टपटप करत जमिनीवर उडाले. घरी ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. सासूबाईंनी रोटर, पातं, चीर यातलं काही ऐकून न घेता फक्त तेवढंच धरून ठेवलं असतं. मी अंग झटकलं, कुठे मणी अडकला नाही ना ते बघितलं, कानांवर डबे चढवले आणि दार ओढलं.

आतला आवाज कानांनी ऐकायचा नसतोच. तो दातांत शिरतो, छातीच्या फासळ्यांत शिरतो. हवा उसाच्या चरकात सापडल्यासारखी इंजिनाच्या तोंडाकडे ओढली जात होती. माझे सुटलेले केस त्या दिशेने उडत होते. मी भिंतीला पाठ घासत चालले. मला रडू येत होतं आणि मी रडत होते. मनात एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, लहान मुलीसारखं: मला नाही मरायचं, मला नाही मरायचं.

लाल पट्ट्याच्या कडेला मी थांबले. पाय पुढे टाकवेना. उपासनी हाताच्या अंतरावर होते. मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी हात हलवले. त्यांची नजर काचेवरून हटेना. पायाखालची जमीन थरथरत होती, आणि त्या थरथरीत मधूनच एक बारीक ठोका पडत होता, लंगडणाऱ्या माणसाच्या पावलासारखा. तो मलाही जाणवला. त्यांना तर नक्कीच जाणवत होता.

मी पट्ट्यावर पाय ठेवला. त्यांचं बखोट धरून ओढलं. माणूस लाकडासारखा कडक झाला होता. त्यांची बोटं चौकटीच्या लोखंडावर आवळलेली होती, ती मी एकेक करून सोडवली. शेवटचं बोट सुटलं तसे ते माझ्या अंगावरच कोसळले. मग ते स्वतःच्या पायांनी चालले की मी त्यांना फरपटत नेलं, ते मला आठवत नाही. मला आठवतो तो दाराचा उंबरठा, त्याला लागलेली माझी नडगी, आणि मागे बंद झालेलं ते दार.

मी केबिनच्या दारावर थाप मारली. "तोडा!"

साहेबांनी मूठ ओढली.

शीळ उतरायला लागली. सावकाश, फार सावकाश. आम्ही दोघं दाराबाहेरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलो होतो. शीळ उतरत उतरत जाड झाली, मग त्यात तो लंगडा ठोका स्पष्ट ऐकू यायला लागला, वाढत गेला, आणि मग धाडकन असा आवाज झाला की स्टुलावरचं ताट उडून खाली पडलं. भिंतीतून धूळ गळली. आत काहीतरी बराच वेळ खडखडत राहिलं आणि गप्प झालं.

नंतर आम्ही आत जाऊन बघितलं. पातं आवरण फोडून बाहेर पडलं होतं आणि भिंतीत, लाल पट्ट्याच्या बरोबर मधोमध, छातीच्या उंचीवर रुतलं होतं. माझं नवं पातं जागच्या जागी होतं. जोडाला ओरखडासुद्धा नव्हता. पुढे आम्ही नवं पातं तालात बसेल इतकं घासायला शिकलो, घंटा सगळ्या पात्यांना जोडली, आणि संथ गतीवरसुद्धा माणूस आत पाठवायचं बंद झालं. त्या ड्रॉइंगचा रोटर चालला. आजही चालतो. पण ते सगळं नंतरचं.

त्या वेळी आम्ही जमिनीवर बसलो होतो. मला बोलायचं होतं, खूप चिडून बोलायचं होतं.

"दिवा दिसत होता ना तुम्हाला?" मी शेवटी म्हटलं. "दिसत होता! मग का नाही आलात? मरायचं होतं? माझ्या रोटरखाली?"

उपासनींनी कानांवरचे डबे काढले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"नाही हो," ते म्हणाले. "मरायचं कशाला असेल. पाय निघेनात. पायाखालून तो ठोका आला, तोच, अगदी तोच. म्हटलं, झालं. आता तोडणार. पळून उपयोग नाही."

"म्हणजे?"

त्यांनी केबिनच्या दाराकडे बघितलं. तांबोळी साहेब दारात येऊन उभे राहिले होते, चौकटीला धरून.

"दांड्यावर साहेबच होते ना?"

"हो."

"मग त्यांनी तोडलं कसं नाही? भिंतीवर लिहिलंय. साहेबांचा हात गेला होता मुठीवर. मी बघितला."

"गेला होता," मी म्हटलं. "मी धरला."

उपासनींनी माझ्या हातांकडे बघितलं. त्यांना ते नीट कळायला वेळ लागला असावा. मग त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी जे कधी बघितलं नव्हतं ते मला बघावं लागलं.

"वामन आत होता," ते म्हणाले. "दांड्यावर मी. साहेब त्या दिवशी मुंबईला गेले होते. एकटाच होतो. कंप वाढला, काटा वर गेला. वामन काचेतून माझ्याकडे बघत होता, काय झालं म्हणून. मी भिंतीवरचं वाचलं आणि तोडलं. लगेच तोडलं. मला वाटलं, वाचवतोय मी त्याला."

साहेब पुढे आले. "मधू," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून उपासनींचं पहिलं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. "मधू, आसं कुणाला ठावं हुतं तवा? नियमच तसा हुता."

"हो ना. चौकशीत तेच म्हणाले," उपासनी म्हणाले. "नियमाप्रमाणे वागलात म्हणाले. शाबासकी दिली मला, बाई. लेखी."

आपला उजवा हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत ते रडायला लागले. पुरुष रडतो तसं नाही, लपवून नाही. उघड, हुंदके देत.

"शहाणा होता हो वामन, तुमच्याएवढाच शहाणा होता," ते म्हणाले. "पण तो आत होता. माझा हात धरायला बाहेर कुणी नव्हतं."